वाहते पाणी वाया जाते का?



पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते, "एवढे पाणी वाया चालले!" एप्रिलमध्ये विहिरीने तळ गाठला की तेच वाक्य जास्त तळमळीने आठवते. बाग जगवण्यासाठी टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी ते वावगेही वाटत नाही. तरीही 'वाया' हा शब्द आज जरा तपासून पाहू. एखादी वस्तू कोणाच्याच उपयोगी पडली नाही, तर ती वाया गेली. पण ती माझ्या उपयोगी न पडता दुसऱ्याच्या उपयोगी पडली, तर तिला वाया गेली म्हणता येईल का?

हे समजण्यासाठी खाऱ्या सरोवराचे उदाहरण घेऊ. तिथले पाणी पिता येत नाही, शेतालाही चालत नाही. मग अशा सरोवराला पाणी द्यायचेच कशाला?

१. लोणारचे सरोवर

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात तयार झाले. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. १९७९ साली त्याला राष्ट्रीय भूवारसा स्मारकाचा मान मिळाला, २००० साली ते अभयारण्य झाले आणि २०२० साली रामसर पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले.

या सरोवरात पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. पावसाचे पाणी आणि काठावरचे झरे त्याला भरतात. धारेचा झरा तर बारमाही आहे. आलेले पाणी उन्हाने वाफ होऊन उडते आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हे चालू असल्याने पाणी खारट व अल्कधर्मी झाले. त्यात मासे सहसा जगत नाहीत, पण सूक्ष्म शेवाळ आणि जीवाणूंचे वेगळेच जग नांदते. झऱ्यांजवळच्या गोड पाण्याच्या ओलाव्यात झाडी व पक्षी असतात. गोड ओलावा आणि खारे पाणी अगदी शेजारी शेजारी आहेत, आणि दोन्ही परस्परांवर अवलंबून आहेत.

जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा मिठावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचे दिसले. पाणी आटले, खारेपणा वाढला आणि हे जीव फोफावले. पुढे २०२५ मध्ये उलट बातम्या आल्या. पातळी वाढून काठच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पाणी पोहोचले आणि सरोवरात मासे दिसू लागले. मासे दिसले म्हणजे सरोवर सुधारले असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात, या पाण्याचा खारेपणा उतरत असल्याची ती खूण असू शकते. गावाचे सांडपाणी सरोवरात उतरण्याचा प्रश्न तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वर्षानुवर्षे आहे.

म्हणजे नुसते जास्त पाणी किंवा नुसते कमी पाणी हा प्रश्न नाही. योग्य पाणी, योग्य वाटेने, योग्य प्रमाणात यावे लागते. म्हणून सरोवर राखायचे तर त्याचा काठ राखून भागत नाही. वरचे झरे, ओढे, ओलावे आणि भोवतालच्या जमिनीतले पाणीही राखावे लागते.

२. बायबलमधला क्षारसमुद्र

यहेज्केल संदेष्ट्याच्या ४७ व्या अध्यायातील दर्शन आपल्या परिचयाचे आहे. मंदिराच्या उंबरठ्याखालून झरा निघतो. पाणी आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत येते आणि शेवटी त्याची नदी होते. ती क्षारसमुद्रात जाते तेव्हा तिथे मासळी येते आणि एन-गेदीच्या काठी कोळी जाळी वाळवतात. अकराव्या ओवीकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. दलदली आणि पाणथळी मिठासाठी खाऱ्याच राहतील, असे तिथे म्हटले आहे. जीवन देणाऱ्या नदीच्या त्या दर्शनातही खाऱ्या पाणथळीला तिची जागा आहे.

आज तो समुद्र दरवर्षी एक मीटरहून जास्त खाली जात आहे. यार्देन नदीचे पाणी वरच्या वर वळवले जाते. १९६४ साली इस्राएलचा मोठा जलवाहक कालवा सुरू झाला, जॉर्डन आणि सिरियानेही यार्मूक नदीचे पाणी अडवले. पूर्वी वर्षाला सुमारे १३० कोटी घनमीटर पाणी समुद्रात पोहोचत असे, आता त्याचा दहावा भागही पोहोचत नाही. दक्षिणेकडे खनिजे काढण्यासाठी पाणी वाफवले जाते ते वेगळेच. खारे पाणी मागे हटल्यावर जमिनीखालचे गोडे पाणी तिथल्या मिठाच्या थरात शिरते, मीठ विरघळते आणि वरची जमीन खचते. असे हजारो खड्डे काठावर पडले आहेत. एन-गेदीचा समुद्रकिनाराही त्यामुळे बंद करावा लागला.

यात कोणी खलनायक नाही, हे लक्षात घ्या. प्रत्येक देशाला पिण्यासाठी आणि शेतीसाठीच पाणी हवे होते. प्रत्येकाने आपल्यापुरता योग्य हिशेब केला. त्या सगळ्या हिशेबांत समुद्राचा वाटा मात्र कोणीच धरला नाही.

वाटा परत देता येतो, याचेही उदाहरण आहे. अमेरिकेतील मोनो या खाऱ्या सरोवराचे ओढे १९४१ पासून लॉस एंजेलिस शहराकडे वळवले होते. लोकांनी न्यायालयात लढा दिला आणि १९९४ साली राज्याच्या जलमंडळाने शहराच्या उपशाला मर्यादा घातली. सरोवर पूर्वपदावर आलेले नाही, पण त्याची अधोगती थांबली.

३. आपले नांदूरमध्यमेश्वर

आपल्या निफाड तालुक्यात खारे सरोवर नाही. पण गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वर आहे. इंग्रजांच्या काळात तिथे बंधारा झाला, गाळ साचला, पाणथळ तयार झाली आणि पक्षी आले. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान आपल्या तालुक्याला मिळाला. पण ही पाणथळ आपल्या सर्वांच्या खालच्या अंगाला आहे. शहराचे सांडपाणी, शेतातून वाहून गेलेली खते आणि औषधे, नाल्यात टाकलेले प्लास्टिक या सर्वांची वाट तिकडेच जाते. पाण्यात खत गेले की पानवेली माजते.

तिथून खाली जायकवाडी. २०१५, २०१८ आणि २०२३ या टंचाईच्या वर्षांत नाशिक व नगर जिल्ह्यांतील धरणांतून तिकडे पाणी सोडले गेले. आपल्याकडे नाराजी झाली आणि ती समजण्यासारखी आहे. कर्ज काढून उभी केलेली बाग डोळ्यांसमोर सुकणे सोपे नाही. पण मराठवाड्यातील हंडा घेऊन उभ्या असलेल्या बहिणीला ते पाणी वाया गेले असे वाटणार नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी एक मोलाचा भेद केला आहे. वस्तूची मालकी माणसाकडे असू शकते, पण वापरताना ती सर्वांसाठी आहे असे मानून त्याने गरजवंताला वाटा द्यायला तयार असावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पिण्याचे सुरक्षित पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क म्हटले आहे. विहीर माझी आहे, पण जमिनीखालचा पाझर बांध ओळखत नाही. बोअर घेऊन उपसलेले पाणी शेततळ्यात भरून ठेवले, तर त्यातले काही उन्हाने उडून जाते. पावसाचे पाणी साठवायला शेततळे चांगलेच. पण भूगर्भातले पाणी वर आणून उन्हात ठेवायचे असेल, तर शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार आधी करावा.

काय करता येईल? नाले बुजवू नयेत आणि त्यात सांडपाणी सोडू नये. ठिबक असले तरी पाण्याचा हिशेब ठेवावा. माती तपासूनच खत द्यावे. नवीन बोअर घेण्यापूर्वी शेजाऱ्यांशी बोलावे. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन असतो. त्या सुमारास मुलांना घेऊन एकदा नांदूरमध्यमेश्वरला जावे आणि पक्षी दाखवता दाखवता हे पाणी कुठून येते तेही सांगावे.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातले सांडपाणी शेवटी कुठे जाते, हे आपल्याला माहीत आहे का?
२. आपल्या बोअरचा शेजारच्या विहिरीवर काय परिणाम झाला, हे आपण कधी विचारले आहे का?
३. यहेज्केल ४७ : १ ते १२ वाचा. या नदीच्या काठी आपले शेत असते, तर पुढे जाण्यासाठी आपण किती पाणी सोडले असते?

आपला,
धर्मगुरू