कापसातला ओलावा आणि 'कशाचे टक्के?'

शेकडेवारीचं एका पायरीचं उदाहरण तुम्ही पटकन सोडवता. पण एकाच गणितात दोन-तीन वेळा टक्के आले की गाडी अडते. वह्या तपासताना दिसतं की गुणाकार बहुतेकांचा बरोबर असतो. टक्के कशाचे काढायचे, तिथं घोळ होतो.

आज आपल्या अमरावती-अकोल्याकडचंच गणित घेऊ. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव मिळतो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत, ओलाव्याच्या प्रत्येक वाढीव टक्क्यामागे भावातून १ टक्का कापतात. १२ च्या वर गेला की कापूस घेतच नाहीत.

नियम पुन्हा वाचा. यात दोन वेगळे टक्के आहेत. ओलाव्याचे टक्के वजनाचे, कपातीचे टक्के भावाचे.

उदाहरण पहिलं. २५ क्विंटल कापूस, ओलावा ११ टक्के. किती पैसे मिळतील?
वाढीव ओलावा: ११ − ८ = ३ टक्के
कपात: ८११० चे ३ टक्के = २४३.३० रुपये
भाव: ८११० − २४३.३० = ७८६६.७० रुपये
एकूण: ७८६६.७० × २५ = १,९६,६६७.५० रुपये

काही जण सरळ ११ टक्के कापतात. काही जण भावातूनही ३ टक्के कापतात आणि वजनातूनही. असा हिशेब झाला तर कास्तकार दोनदा लुटला जाईल!

आता खरी गंमत. तोच २५ क्विंटल कापूस, पण ओलावा १२ टक्के. घरी आजोबा म्हणतात, "दोन दिवस अंगणात सुकवा, पूर्ण भाव घ्या." सुकवल्यानं फायदा होईल का?

वर्गात हमखास येणारं उत्तर असं: "सर, १२ चे ८ झाले, ४ टक्के वजन गेलं, २४ क्विंटल उरला. २४ × ८११० = १,९४,६४०. न सुकवता विकला तर ७७८५.६० × २५ = १,९४,६४०. सारखंच!"

उत्तर इतकं नेटकं जुळतं की कुणाला शंकाच येत नाही. पण थांबा. १२ टक्के ओल्या वजनाचे आहेत आणि ८ टक्के सुकल्यानंतरच्या वजनाचे. पायाच बदलला, मग वजाबाकी कशी करणार?

अशा वेळी जे बदलत नाही ते धरा. पाणी उडतं, कोरडा कापूस तेवढाच राहतो. सुरुवातीला कोरडा भाग ८८ टक्के, म्हणजे २५ चे ८८ टक्के = २२ क्विंटल. सुकल्यावर हेच २२ क्विंटल नव्या वजनाचे ९२ टक्के आहेत. म्हणून नवं वजन = २२ × १०० ÷ ९२ = २३.९१३ क्विंटल. २४ नव्हे! पैसे झाले सुमारे १,९३,९३५ रुपये, म्हणजे ७०५ रुपये कमीच. वरून दोन दिवसांची राखण अन् उलथापालथ वेगळी.

मात्र घरी जाऊन आजोबांशी भांडू नका. मोजणीच्या दिवशी १२ चे साडेबारा निघाले तर गाडी परत आणावी लागते, अन् त्या फेरीच्या भाड्यात ७०५ रुपये कुठल्या कुठं जातात. आजोबांना ते ठाऊक असतं.

आता हे तुम्ही सोडवा. कापूस २५ क्विंटल, ओलावा १४ टक्के. आता सुकवणं भागच आहे. १२ टक्क्यांवर थांबून विकावा की ८ पर्यंत सुकवावा? कोरडा भाग आधी काढा, तो २१.५ क्विंटल यायला हवा. दोन्ही रकमांतला फरक ६८९ रुपयांच्या आसपास आला, तर तुमचं गणित बरोबर.