जॅझमास्टर कुणाच्या हाती देण्याआधी

“हिच्या डिझाइनमध्येच घोळ आहे, मॅडम.” हे वाक्य ज्या कारागिराच्या तोंडून ऐकाल, त्याच्या टेबलावरून आपली जॅझमास्टर उचला आणि सरळ घरी या. मी हे रागाने लिहितेय. राग अजून उतरलेला नाही. माझी गिटार १९६२ च्या नमुन्यावर बनवलेली, अमेरिकेतली. भावाने सॅन होजेला वापरलेली विकत घेतली आणि जिवापाड सांभाळून माझ्यासाठी आणली. ती मी इथल्या एका नावाजलेल्या माणसाकडे दिली. नेकखाली पाचर घालायची, इलेव्हनचा, म्हणजे जाड तारांचा, सेट चढवायचा आणि त्यावर सेटअप करायचा, एवढंच काम होतं, आणि ते मी कागदावर लिहून दिलं होतं. परत आली ती जॅझमास्टरच्या आकाराची भलतीच कुठली तरी गिटार.

त्या माणसाचं नाव लिहीत नाही. पण त्याने काय केलं ते सविस्तर लिहिणार आहे, कारण त्याच्यासारखं करणारे पुष्कळ आहेत आणि सगळे ते आत्मविश्वासाने करतात.

आधी गिटारीबद्दल. लिओ फेंडरने ही १९५८ मध्ये बाजारात आणली ती कंपनीतली सर्वांत महाग गिटार म्हणून, १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरच्याही वरची. गिऱ्हाईकही ठरलेलं होतं: जॅझ वाजवणारे. ते बसून वाजवतात, म्हणून कंबर तिरपी ठेवली. मांडीवर घेतली की ती जागची हलत नाही. जॅझवाल्यांनी मात्र तिच्याकडे फारसं बघितलं नाही. उचलली सर्फ संगीतवाल्यांनी. पुढे त्यांचाही जमाना संपला, जुन्या जॅझमास्टर स्वस्तात मिळायला लागल्या आणि १९८० च्या सुमारास उत्पादनही थांबलं. त्या स्वस्ताईत आधी टॉम व्हर्लेन, एल्व्हिस कॉस्टेलो आणि पुढे सॉनिक युथचे दोघे, जे मॅसिस अशा लोकांनी तिच्यातून जे काढलं, ते फेंडरच्या फुलर्टनमधल्या कारखान्यात कुणाच्या मनातही नसेल. ‘लव्हलेस’ (१९९१) या अल्बममधलं केव्हिन शील्ड्सचं वादन ऐका. ट्रेमोलोचा बार हातातच धरून स्ट्रमिंग केल्यामुळे अख्खा कॉर्ड खालीवर डोलतो. तो डोल या ट्रेमोलोशिवाय तसा येत नाही.

आता मुद्दा. या गिटारीतला प्रत्येक विचित्र भाग दुसऱ्या भागावर अवलंबून आहे. ट्रेमोलो ब्रिजपासून वेगळा आणि बराच मागे आहे, त्यामुळे ब्रिजच्या मागे तारांची चांगली लांब पट्टी उरते. ब्रिज बॉडीला घट्ट बसवलेला नसतो. त्याचे दोन खांब दोन धातूच्या नळ्यांमध्ये टोकांवर उभे असतात आणि बार दाबला की तो तारांबरोबर पुढेमागे झुलतो. तो सैल राहिलेला नाही, मुद्दाम तसा केलेला आहे. तार सॅडलवर घासत नाही, ब्रिजच तिच्याबरोबर जातो आणि तिच्याबरोबर परत येतो, म्हणून बार सोडल्यावर सूर जागेवर येतो. पण तार ब्रिजवर जिथे वाकते तिथला कोन बेताचाच असतो, म्हणजे ब्रिजवर दाब कमी. १९५८ मध्ये हे चालून जात होतं, कारण तेव्हा जाड फ्लॅटवाउंड तारा लावत. आज कुणी पातळ, नाइनचा सेट चढवला की दाब राहत नाही. तार सॅडलच्या खाचेतून उडी मारते, बारीक स्क्रू थरथरून सैल होतात आणि गिटार झर्रर करायला लागते. लोक म्हणतात, गिटार खराब. अहो, तारा चुकीच्या आहेत!

उपाय जुनाच आहे. जाड तारा, आणि नेकच्या खोबणीत बॉडीकडच्या टोकाला पातळ पाचर. पाचरीने नेक किंचित मागे झुकते, मग ब्रिज उंच करावा लागतो, कोन वाढतो, दाब वाढतो, झर्र थांबते. हेच मी लिहून दिलं होतं.

गिटार घरी आणली, अँपला लावली. नेक पिकअपचा आवाज मंद, कडा गेलेला. वरच्या शिंगावरचा खटका वर केला, खाली केला, काही फरक नाही. बार दाबून सोडला तर तिसरी तार चढीच राहिली. तारा पाहिल्या तर नाइनच्या. ब्रिजच्या मागे तारांवर एक आडवी पट्टी बसवलेली, जिला बझस्टॉप म्हणतात. मग तारा सैल करून ब्रिज उचलायला गेले. जॅझमास्टरचा ब्रिज तारा सैल केल्या की नुसता वर येतो, त्याला पकडून ठेवणारं दुसरं काही नसतंच. हा हलेना. खांबाच्या कडेला पिवळसर, काचेसारखा कडक थर दिसला. त्याने ब्रिज इपॉक्सीने चिकटवला होता. सोल्डरिंग आयर्नचं टोक खांबाला बराच वेळ टेकवून गोंद मऊ केला, तेव्हा कुठे तो निघाला. पिकगार्ड उघडलं तर वरच्या खटक्याशेजारच्या दोन चकत्यांच्या वायरी कापून टोकांना काळी टेप गुंडाळलेली. आणि खालच्या दोन पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या रोधकांच्या, पाठीवर छापलेलं: २५० के. मी बॅटरी धरून तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला.

ज्यांना या आकड्याचं महत्त्व माहीत नाही त्यांच्यासाठी: जॅझमास्टरला एक मेगोहमचे पॉट असतात, म्हणजे याच्या चौपट. तिचे पिकअप रुंद आणि चपटे, कॉइल पसरट. त्यांच्यातून जी उघडी, हवेशीर चमक येते ती निम्मी या मोठ्या पॉटची करणी आहे. २५० के लावले की वरचे स्वर तिथल्या तिथे गळतात. स्ट्रॅटला तेच पॉट शोभतात. ही स्ट्रॅट नाही. आणि वरचा खटका म्हणजे वेगळं, रिदम सर्किट: वर केला की फक्त नेक पिकअप, आणि त्याला मुद्दाम ५० के चा टोन पॉट, म्हणजे गोल, काळोखा आवाज. सोलो आणि साथ यांच्यात एका बोटाने जाता यावं म्हणून ते केलं होतं. मी ते दर कार्यक्रमात वापरते.

मी जाब विचारायला गेले तेव्हा दुकानात इतर गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर त्याने मला समजावलं, हसत हसत: “रिदम सर्किट कोणी वापरत नाही, मॅडम. लोकांचा हात लागून खटका वर जातो आणि आवाज गेला म्हणून माझ्याकडे येतात. तुम्हाला तो त्रासच नको म्हणून काढून टाकला.” तारांबद्दल विचारलं तर, “तुमच्या हाताला नाइनच बऱ्या, बाकीच्या ओढवणार नाहीत.” मी कॉलेजपासून इलेव्हनवर वाजवते, आणि ते त्याला ठाऊक होतं, कारण कागदावर लिहिलेलं होतं. कागद दाखवला तर म्हणाला, “नेटवर काहीही लिहितात.” जुने पॉट मागितले, ते भंगारात गेले म्हणाला. बिलावर मात्र ‘वायरिंग अपग्रेड’ म्हणून वेगळी रक्कम! पैसे परत मिळाले नाहीत. माफीचा तर शब्दही नाही. बझस्टॉप काढून त्याच्या टेबलावर ठेवला तेव्हा तो म्हणाला, “आता परत झर्र झाली तर माझ्याकडे येऊ नका.” झर्र झाली नाही. पाचर मी स्वतः घातली.

त्या बझस्टॉपबद्दल बोललंच पाहिजे, कारण तो खूप खपतो. तो कोन वाढवतो, हे खरं. पण तारा त्याखालून घासत जातात, ब्रिजचं झुलणं अडतं आणि ब्रिजमागच्या तारांचा गुंजारव मरतो. सतारीच्या तरफांची सवय असलेल्या आपल्या कानाला तो गुंजारव मोलाचा वाटायला हवा. लोकांना तो दोष वाटतो आणि ते त्यावर फोमचा तुकडा कोंबतात. ज्यांना नको त्यांनी कोंबावा, फोम काढता तरी येतो.

माझं सांगणं असं, की काम देण्याआधी त्या माणसाला विचारा, या पिकअपची जात कोणती? पी-नाइन्टी म्हणाला तर थँक्यू म्हणून निघा. दिसायला साबणाच्या वडीसारखे दोन्ही, पण पी-नाइन्टीत चुंबक कॉइलच्या खाली आडवे असतात आणि इथे तारेखाली उभ्या चुंबकाच्या कांड्या आहेत. दुसरं विचारा, ब्रिज हलतो तो का? “सैल आहे, बसवून देतो,” हे उत्तर आलं तर मग प्रश्नच मिटला. या दोन प्रश्नांनी मला पुढे खूप वाचवलंय. तिसरं म्हणजे, काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत हवा, हे पावतीवर त्याच्या अक्षरात लिहून घ्या. पिकगार्ड उघडून आतले फोटो आधीच काढून ठेवा, पॉटच्या पाठीवरचे आकडे दिसतील असे. आगाऊ पैसे देऊ नका. आणि ओळखीचा, नावाजलेला, फोटोत मोठमोठ्या कलाकारांच्या शेजारी उभा, या गोष्टींनी भारावून जाऊ नका.

पाचर घालायची तर खोबणीच्या पूर्ण रुंदीची, उतरती घाला. व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा तात्पुरता चालतो. जुन्या पद्धतीच्या नेकमध्ये ट्रस रॉडचा स्क्रू टाचेत दडलेला असतो, तो फिरवायला नेक काढावीच लागते. आपल्याकडे पावसाळ्यात नेक हलते आणि ती सोडावी लागतेच, तेव्हाच पाचरही बघून घ्या. ब्रिजच्या खांबांतले बारीक स्क्रू वाजवता वाजवता फिरतात आणि ब्रिज हळूहळू खाली बसतो. उंची ठरली की त्यांच्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब टाका. नंतर ॲलन कीने ते सुटतात, इपॉक्सीसारखे कायमचे बसत नाहीत. सॅडलच्या खाचांतून तार सुटतच असेल तर फेंडरच्याच मस्टँग गिटारीचा ब्रिज त्याच नळ्यांत बसतो, त्याच्या सॅडलला एकेकच खाच असते. मास्टरी कंपनीचा ब्रिज झुलत नाही, पण त्याचे सॅडल तार सरकावी म्हणूनच घडवलेले आहेत, म्हणून तो चालतो. खाचाखाचांचे मूळ सॅडल तसेच ठेवून वरून ब्रिज चिकटवणं ही वेगळी गोष्ट आहे. ती कुणी करू नये.

आवाज एकदम मंद झाला, खालचे नॉब आणि पिकअप निवडायचा टॉगल काहीच ऐकेनात, तर घाबरू नका आणि कुणाकडेही धावू नका. वरचा खटका वर सरकला असेल, खाली करा. कार्यक्रमात हात लागून असं होतं, हे त्या माणसाचं एक म्हणणं खरं. त्यासाठी वायरी कापायच्या नसतात. हॉलमध्ये ट्यूबलाइटची गुणगुण फार येत असेल तर टॉगल मधे ठेवा. दोन पिकअपची गुंडाळी आणि चुंबक एकमेकांच्या उलट आहेत, एकत्र वाजले की ती गुणगुण जाते.

ट्रेमोलोच्या पट्टीवरचं लॉकचं बटण सगळे विसरतात. एखादी तार तुटली तर बाकीच्यांचा सूर ढळू नये म्हणून ते आहे, आणि ते तेव्हाच उपयोगी पडतं जेव्हा स्प्रिंगचा ताण बरोबर असतो. सगळ्या तारा सुरात असताना बटण सरकवा. सूर न बदलता ते बसलं तर ठीक, नाहीतर मधला स्क्रू थोडा थोडा फिरवत जा. माझ्या गिटारीला हे करायला लागलं तेव्हा स्प्रिंगही नाइनच्या ताणावर बेतलेली निघाली.

एक मेगचे पॉट मी परदेशातून मागवून बसवले. आधीचे जुने, गिटारीबरोबर आलेले होते. ते मला परत मिळाले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्या दुकानाला कधीच माफ करणार नाही. तिथे कुणी जॅझमास्टर घेऊन चाललंय असं कळलं तर मी आधी फोन करते.