डोकं माझं, मग हेल्मेटची सक्ती का?

प्रश्न : मी स्कूटरने जवळच्या मंडईत जाते. गर्दीत वेग कमीच असतो. डोकं माझं, धोका माझा. मग सक्ती कशाला? शिवाय हेल्मेटने मान दुखते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तुमची अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहे. मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम 129 गल्ली आणि महामार्ग असा भेद करत नाही; मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे. राज्यघटना संचाराचं स्वातंत्र्य देते, तशी जनहितासाठी त्यावर वाजवी बंधनंही मान्य करते. डोक्याला मार लागला तर सारं घर भरडलं जातं. आयएसआय चिन्हाचं, हलकं, नेमक्या मापाचं हेल्मेट घ्या, पट्टा लावा. तरीही मान दुखली तर डॉक्टरांना दाखवा. अपघातात आदळलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका.