अतिचंचल मूल : काही निरीक्षणे व थोडा अभ्यास

(बी. ए., द्वितीय वर्ष)

एका जागी न बसणाऱ्या मुलासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. अवखळ, खोडकर, व्रात्य, द्वाड, वांड, उनाड. त्यांत गंमत अशी की, मूल लहान असते तोवर त्याच्या वाट्याला कौतुकाचे शब्द येतात आणि ते शाळेत जाऊ लागले की रागाचे. पण ज्याला बसायची इच्छा असूनही बसवत नाही, अशा मुलासाठी जुना शब्द मला आढळला नाही. मानसशास्त्राच्या मराठी लेखनात त्याला ‘अवधान-न्यूनता अतिक्रियाशीलता विकार’ असे लांबलचक नाव दिलेले असते. डॉक्टर मंडळी ‘एडीएचडी’ या चार अक्षरांत आटपतात. मी या लेखापुरते ‘अतिचंचलता’ म्हणेन.

या विषयाकडे मी पुस्तकातून आले नाही. हिंगोलीत खोली करून शिकणाऱ्या मुलीला महिन्याच्या खर्चाची जुळवाजुळव करावी लागते. गेल्या जुलैपासून मी एका घरी दुपारी चार ते रात्री आठ या वेळात एक मुलगा सांभाळते. त्याची आई पाळीच्या नोकरीवर, वडील परगावी. घरात वयस्कर आजी. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. त्याचे नाव देणे उचित नाही, म्हणून त्याला ‘स्वारी’ म्हणते. गावाकडे भावंडे कडेवर वागवली होती, पण असे मूल सांभाळण्याचा अनुभव मला नव्हता. पहिल्याच दिवशी काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, नांदेडच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली आणि म्हणाल्या, “ह्याला मारून काही होत नाही. आम्ही मारून पाहिलंय.”

ही मोबाईलच्या काळातली नवी थेरे आहेत, असे पुष्कळांचे मत असते. इतिहास तसे सांगत नाही. जर्मनीत फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमान यांनी १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी स्वतःच एक चित्रपुस्तक तयार केले. त्याच्या छापील आवृत्त्यांत पुढे जो फिलिप आला, तो खुर्ची झुलवता झुलवता टेबलावरच्या कापडासकट सगळे जेवण जमिनीवर आणतो. १९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी व्याख्याने देऊन, बुद्धी चांगली असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले. १९३७ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांना एका उत्तेजक औषधाने अशी काही मुले उलट शांतपणे अभ्यास करू लागल्याचे दिसले. १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथात ‘अवधान-न्यूनता’ हे नाव आले, १९८७ साली त्याला आजचे रूप मिळाले. मोबाईल आमच्या गावात यायला त्यानंतर बराच अवकाश होता.

‘अवधान’ हा शब्द आपल्याला परका नाही. ज्ञानेश्वर महाराज नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागतात. मागतात, म्हणजे ते ऐकणाऱ्याला देता येते, हे गृहीतच आहे. अतिचंचल मुलाची अडचण नेमकी इथे आहे. त्याच्याजवळ अवधान नसते असे नाही. ते मागितले तेव्हा, मागितले तिथे देणे त्याच्या हातात नसते. गल्लीत मोटारपंप उघडून बसलेल्या मिस्त्रीसमोर आमची स्वारी तासभर उकिडवी बसते. मग शेजारीण म्हणते, “बघा, तिथं बरं ध्यान लागतंय! सगळी नाटकं.” ही नाटके नव्हेत. जे नवे आहे, हलते आहे, ज्याचे फळ तत्काळ दिसते, तिथे त्याचे मन आपोआप ओढले जाते. सातचा पाढा दहा वेळा लिहिताना मात्र मन स्वतः धरून ठेवावे लागते, आणि ती धरून ठेवणारी शक्ती त्याच्यात उशिरा वाढते. हे ‘उशिरा’ मी अलंकाराने म्हणत नाही. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मुलांच्या मेंदूची चित्रे वर्षानुवर्षे काढून पाहिली गेली. मेंदूच्या बाह्य थराची जी परिपक्वता इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी दिसली, ती या मुलांत साडेदहाव्या वर्षी दिसली. कपाळामागच्या भागात हा उशीर अधिक होता. आवर घालणे, थांबणे, पुढचा विचार करणे ही कामे बव्हंशी त्याच भागाची. या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईने वळण लावले नाही म्हणून ती येत नाही आणि साखर खाल्ल्यानेही येत नाही. आजी रोज दिवेलागणीला मीठ-मोहऱ्यांनी नातवाची दृष्ट काढतात. त्याला माझी हरकत नाही. तेवढी दोन मिनिटे स्वारी पाटावर स्थिर बसते, हेही थोडके नव्हे.

मात्र दिसेल त्या दंगेखोर मुलाला हे नाव चिकटवू नये. २०१३ च्या निकषांप्रमाणे लहान मुलात नऊपैकी निदान सहा लक्षणे सहा महिने तरी टिकलेली हवीत, ती बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली हवीत, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. एकट्या शाळेतच चुळबुळणाऱ्या मुलाला कदाचित फळा दिसत नसेल, किंवा ते उपाशी असेल, किंवा भ्यालेले असेल. निदान डॉक्टरांनीच करायचे. ज्या मुली नुसत्या खिडकीबाहेर पाहत बसतात आणि दंगा करत नाहीत, त्या मात्र कुणाच्याच ध्यानात येत नाहीत, हेही येथे नोंदवले पाहिजे.

आता सांभाळण्याविषयी. हे मला कुठल्या पुस्तकात सलग लिहिलेले सापडले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

स्वारीला सकाळी डॉक्टरांनी दिलेली गोळी असते. या साध्या गोळीचा अंमल चारेक तास टिकतो. म्हणजे शाळेच्या वाट्याला गोळीचा मुलगा येतो आणि माझ्या वाट्याला गोळी उतरलेला. शिवाय या औषधाने भूक मंदावते, म्हणून दुपारचा डबा अर्धा तसाच परत येतो. चार वाजता दप्तर फेकून जो आरडाओरडा सुरू होतो, त्यातला निम्मा पोटातला असतो. यास्तव आल्या आल्या प्रश्न नाहीत, अभ्यास नाही. आधी भाकरी, दूध, शेंगदाण्याचा लाडू. औषध वाढवणे, कमी करणे, बंद करणे हे सांभाळणाऱ्याचे काम नव्हे. पण मूल काय खाते, कधी झोपते हे वहीत टिपून आईला देणे हे आहे.

घरी आलेले पाहुणे त्याला सांगतात, “हात धू, दप्तर उचल आणि वही घेऊन ये.” एका दमात तीन कामे. मोरीवर नळ वाहत राहतो आणि स्वारी दारात मुंगळ्यांची रांग पाहत असते. जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून एकच काम सांगितले आणि ते त्याच्याकडून म्हणवून घेतले, तर बहुतेक वेळा होते. अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांचे प्रतिपादन असे की, या मुलांना काय करावे हे ठाऊक असते. ठाऊक असलेले ऐन वेळी करणे जमत नाही. म्हणून उपदेशाचा उपयोग थोडा. ऐन वेळी, ऐन जागी डोळ्यांना दिसेल असे काही ठेवले पाहिजे.

आमच्याकडे ते काम चिंचोके करतात. दोन वाट्या. डावीकडच्या वाटीत दहा चिंचोके, कारण गणिते दहा. एक गणित झाले की एक चिंचोका उजवीकडे. पाच झाले की उठून लिंबाच्या झाडाला हात लावून परत यायचे. दहा झाले की साप-शिडीचा एक डाव, लगेच. रविवारी मिळणारे बक्षीस त्याच्या लेखी पुढच्या जन्मातल्या पुण्यासारखे असते. पूर्वी तो दर मिनिटाला “ताई, किती राहिलं?” असे विचारी. आता वाटीत बघतो. जी मोजदाद इतरांच्या मनात आपोआप चालते, ती बाहेर, हाताला लागेल अशी ठेवली, एवढाच त्यातला अर्थ. खेळ थांबवायचा झाला तरी तसेच. “अजून दोन डाव” हे आधी सांगावे लागते, आणि ते दोनच असावे लागतात.

धोक्यांची यादी मी पहिल्या आठवड्यातच केली. अंगणात पाण्याचा हौद आहे, समोरच्या रस्त्याने हळदीचे ट्रॅक्टर जातात. हौदावर झाकण, गॅस रेग्युलेटरपाशी बंद, दाराला वरची कडी. रस्त्यावर त्याचे बोट धरून भागत नाही, मनगट धरावे लागते.

एका संध्याकाळी मी वहीत रेघा ओढत बसले. दोन तासांत आजी, शेजारी, गल्लीतली पोरे मिळून एकतीस वेळा त्याला ‘नको’, ‘थांब’, ‘सोड ते’ असे ऐकावे लागले. ‘शाब्बास’ एकदाही नाही. त्या दिवशी त्याने न सांगता आजीचा चष्मा शोधून दिला होता.

हा हिशेब करताना मला गावाकडचा चुलत भाऊ आठवत होता. दिवाळी झाली की काका-काकू ऊसतोडीला जात आणि तो आजीपाशी राही. वर्गात तो कमी आणि वर्गाबाहेर अंगठे धरून जास्त असे. चौथीनंतर त्याने शाळा सोडली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. पण तोंडी हिशेबात तो माझ्या पुढे होता. आज हळदीच्या हंगामात शिजवणीच्या कुकरवर तो तिघांचे काम एकटा ओढतो, आणि तिथे त्याला कुणी वांड म्हणत नाही. त्याला हाच विकार होता असे मी म्हणणार नाही, मी डॉक्टर नव्हे. त्याला कुणी तपासलेच नाही, एवढे मात्र मला ठाऊक आहे.

आज तपासणीची वाट थोडी तरी आहे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा जाऊन मुले तपासावीत अशी योजना आहे, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत अतिचंचलतेचे नाव आहे. मन मोकळे करायला व सल्ला घ्यायला टेलि-मानस हा १४४१६ क्रमांकाचा विनामूल्य दूरध्वनी २०२२ पासून आहे. उलट, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत अध्ययन-अक्षमता आहे, पण अतिचंचलता स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे अशा मुलाला वर्गात काय सवलत मिळेल, हे पुष्कळदा त्या वर्गाच्या बाईंवर अवलंबून राहते. शाळेच्या सहलीला तापाने खाटल्यावर पडलेले मूल नेणार नाहीत हे कुणालाही कळते; पण स्वारीला पहिल्या बाकावर, दारापासून दूर बसवा, मधूनच फळा पुसायला उठवा, हे समजावून सांगावे लागते.

जूनमध्ये तो तिसरीत जाईल आणि त्याच्या बाई बदलतील. नव्या बाईंना देण्यासाठी काकू आणि मी एक पान लिहितो आहोत. चिंचोके, डबा, बाक, एका वेळी एकच सूचना, असे सगळे त्यात आले आहे. विकाराचे नाव लिहावे की नाही, यावर आमचे एकमत झालेले नाही. नाव लिहिले तर बाई समजून घेतील, असे मला वाटते. काकू म्हणतात, नाव एकदा लागलं की लेकराला तेच चिकटतं. पानाच्या वरची एक ओळ तूर्त कोरी सोडली आहे.