फुकट ते पौष्टिक असते का?



आपल्याकडे म्हणतात, ‘फुकट ते पौष्टिक’. या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी मला विषय दिला, ‘मोबाईलवरची फुकट साधने : कामाला आणि घराला उपयोग’. मी पंधरा दिवस आमच्या घरच्या मोबाईलची पाहणी केली आणि वहीत टिपणे काढली. त्यात पुष्कळ चांगले सापडले. एक चूकही सापडली, आणि ती माझीच होती. तीही येथे लिहीत आहे.

आमच्या घरी दोन मोबाईल आहेत. अण्णांचा साधा, बटणांचा. आईचा मोठ्या पडद्याचा. माझा स्वतःचा नाही. आई शेजारी असताना मी तिचा वापरते, असा घरचा नियम आहे.

कामाचे उपयोग

आई बचत गटात आहे. गटातल्या बायका शेंगाचटणी आणि कडक भाकरी करतात. पूर्वी माल आठवडी बाजारात न्यायचा आणि उरला की परत आणायचा, असे चालायचे. आता गटाने व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेतले आहे. लहान व्यापाऱ्यांसाठी हे निराळे साधन २०१८ साली निघाले. त्यात मालाचे फोटो आणि किंमत लावून ठेवता येते. सोलापूरचे गिऱ्हाईक आदल्या दिवशीच कळवते, ‘दोन किलो पाठवा’. मग तेवढेच शेंगदाणे भाजायचे. माल उरत नाही.

गटाचा हिशोब मी गुगल शीट्सच्या तक्त्यात लिहिते. आकडे घातले की बेरीज आपोआप होते. तरी आई बोटांवर मोजून पाहतेच. एकदा तिचेच बरोबर निघाले, कारण मी एक शून्य जास्त घातले होते. यंत्र बेरीज चुकत नाही, पण आपण चुकीचा आकडा दिला तर ते चुकीचीच बेरीज बिनचूक करून देते!

अण्णा कांदा करतात. रात्री जेवणे झाली की मी महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरचे बाजारभाव त्यांना वाचून दाखवते. त्यात आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. मी आधी मोठा आकडा पाहून खूश व्हायची. अण्णा म्हणाले, “पोरी, तो दर एखाद्याच्याच मालाला मिळतो. आपण सर्वसाधारण दर बघायचा.”

घरचे उपयोग

‘दामिनी’ हे साधन पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. आपल्या आसपास वीज पडण्याचा संभव असेल तर ते इशारा देते. आमच्याकडे वळवाच्या पावसात गुरे रानात असतात. इशारा आला की आई अण्णांना फोन करते. वीज कडाडत असताना झाडाखाली थांबू नये, हेही मी त्यातच वाचले.

अभ्यासासाठी ‘दीक्षा’ आहे. केंद्र सरकारने ते २०१७ साली सुरू केले. आपल्या पुस्तकांत जो काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो, तो मोबाईलने टिपला की धड्याचे साहित्य उघडते. पाठ्यपुस्तकांवर असे चौकोन लावण्याचा प्रयोग आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केला होता. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

माहिती शोधायला मी मराठी विकिपीडिया पाहते. तो १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. त्यातले लेख तुमच्याआमच्यासारखी माणसे लिहितात. म्हणून तिथली महत्त्वाची गोष्ट मी पुस्तकाशी ताडून पाहते.

फुकट कोण देते?

मी हे सगळे अण्णांना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, “फुकट कोन देतं? त्याचं पोट कशावर भरतं ते बघितलंस का?” मी बघितले नव्हते. दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले. मग समजले की फुकट चार तऱ्हेचे असते.

१. गावच्या नळासारखे. दीक्षा आणि दामिनी अशी आहेत. खर्च सरकार करते, म्हणजे सर्वांच्या करातून होतो.

२. पाणपोईसारखे. विकिपीडिया असा आहे. लोक देणग्या देतात, लिहिणारे पैसे न घेता लिहितात.

३. जत्रेतल्या जाहिरातीच्या गाडीसारखे. गाडीवर गाणी फुकट ऐकायला मिळतात, पण मधूनमधून साबणाचे नाव ऐकावे लागते. यूट्यूब, फेसबुक आणि इन्स्टाग्राम असे आहेत. त्यांची मोठी कमाई जाहिरातींची आहे. आपण काय पाहतो, किती वेळ पाहतो, याची ते नोंद ठेवतात आणि त्याप्रमाणे जाहिराती दाखवतात. म्हणून एक व्हिडिओ संपला की लगेच दुसरा पुढे येतो. आपण तिथे जितके जास्त थांबू, तितका त्यांचा फायदा. पैसे जात नाहीत, वेळ जातो. माझ्या वहीत एका रविवारी दोन तास गेल्याची नोंद आहे.

४. गळाला लावलेल्या गांडुळासारखे. माशाला ते फुकटच वाटते.

माझी चूक

पाहणी सुरू करण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. आई चुलीपाशी होती आणि फोन माझ्या हातात होता. एक संदेश आला, ‘महिलांना मोफत शिलाई मशीन. आज शेवटची तारीख. खालच्या निळ्या ओळीवर बोट ठेवा. दहा मैत्रिणींना पाठवा.’ मला वाटले, चांगले काम आहे. आईला न विचारता मी तो बचत गटात पाठवून दिला.

आमच्या शेजारच्या मावशी शिवणकाम करतात. त्यांचे जुने मशीन बिघडले होते. त्यांनी निळ्या ओळीवर बोट ठेवले आणि १५० रुपये ‘नोंदणी फी’ भरली. मग एका माणसाचा फोन आला. त्याने मोबाईलवर आलेला आकडा, म्हणजे ओटीपी, विचारला. मावशींनी सांगितला. थोड्याच वेळात खात्यातून ३,४०० रुपये गेले.

मावशी रडत आल्या. म्हणाल्या, “तुझ्या आईच्या नावानं आला, म्हनून खरा वाटला गं.” हे वाक्य मला फार लागले. मावशींनी त्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवलाच नव्हता. माझ्या आईवर ठेवला होता, आणि तो मी न विचारता वापरला होता.

गुरुजींनी लगेच १९३० या क्रमांकावर फोन लावायला सांगितले. सायबर फसवणुकीची तक्रार तिथे घेतात. जितक्या लवकर कळवू, तितकी पैसे वाटेत अडवण्याची आशा जास्त. आम्हांला उशीर झाला होता. तक्रार नोंदली गेली, पण पैसे अजून आलेले नाहीत. ग्रामपंचायतीत चौकशी केली, तर अशी योजनाच नव्हती. आई तिच्या वाट्यातून पैसे द्यायला गेली. मावशींनी घेतले नाहीत. मला म्हणाल्या, “पैसं राहू दे. पर ही गोष्ट शाळेत लिव्ह.” म्हणून लिहीत आहे.

गुरुजींनी तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात पाच निरपराध माणसांना जमावाने मारून टाकले. ती भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती आणि त्यांतली बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी खोटी अफवा मोबाईलवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पण पाच ठिकाणीही खोटे गेले तर ते खोटेच. मर्यादा आपल्या बोटाला हवी.

चार प्रश्न

आता आमच्या फोनच्या शेजारी भिंतीवर मी कागद चिकटवला आहे. काहीही फुकट समोर आले की हे प्रश्न विचारायचे.

१. हे कोण देतो आणि त्याचा खर्च कशातून निघतो?

२. तो माझ्याकडे काय मागतो? वेळ, माहिती, की पैसे? ओटीपी आणि पिन कोणालाही सांगायचा नाही. यूपीआयवर पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, फक्त देण्यासाठी लागतो.

३. खरे-खोटे गावात कोणाला विचारता येईल? ग्रामपंचायत, बँक, शाळा.

४. तो घाई करतो आहे का? करत असेल तर आपण थांबायचे.

पालकांना माझी विनंती आहे. तुमच्या मुलाच्या हातून अशी चूक झाली तर आधी १९३० लावा, रागवा नंतर. रागाच्या भीतीने मी मावशींना पहिला तासभर खरे सांगितले नव्हते. त्या तासात फोन लावता आला असता.

तर मित्रांनो, फुकट ते पौष्टिक असते का? काही असते. दामिनीचा इशारा आहे, पुस्तकातला चौकोन आहे, आईचा तक्ता आहे. पण ताटात आलेले आपण निवडून खातो, तसेच हेही निवडून घ्यावे.

सांगा पाहू :

१. तुमच्या घरच्या मोबाईलवर कोणती फुकट साधने आहेत? ती चार तऱ्हांपैकी कोणती?

२. या आठवड्यात तुम्ही किती संदेश पुढे पाठवले? त्यांतले किती खरे आहेत हे तपासले?

उत्तरे वहीत लिहा आणि शनिवारी वर्गात वाचून दाखवा. माझी मी आधी वाचीन.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी