धारप वाचायचे, पण सुरुवात कुठून?

आपल्या हॉस्टेलमध्ये स्टीफन किंगची पुस्तके एका रूममधून दुसऱ्या रूममध्ये फिरत असतात. पण नारायण धारप म्हटले की अर्ध्या जणांचा प्रश्न ठरलेला, "कोण ते?" उरलेले अर्धे म्हणतात, "नाव ऐकलंय, पण एवढी पुस्तकं आहेत, कुठलं उचलायचं?" हा लेख मुख्यतः या दुसऱ्या अर्ध्यांसाठी. पहिल्यांनी वाचला तरी चालेल.

थोडी ओळख आधी. नारायण गोपाळ धारप, जन्म १९२५, मृत्यू २००८. पुस्तके शंभराच्या वर, त्यात कादंबऱ्या आल्या, कथासंग्रह आले, विज्ञानकथाही आल्या. शिक्षण विज्ञान-तंत्रज्ञानाचे, म्हणजे तसे आपल्यातलेच! आज त्यांची बरीच पुस्तके साकेत प्रकाशनाने पुन्हा छापलेली आहेत, त्यामुळे मिळत नाहीत ही सबब चालणार नाही. अडचण वेगळीच आहे. एवढ्या मोठ्या ढिगातून हाताला कोणते पुस्तक आधी लागते, यावर पुढे दुसरे वाचणार की नाही हे ठरते.

बहुतेक जण 'लुचाई'पासून सुरुवात करतात, कारण तिचेच नाव सगळ्यांनी ऐकलेले असते. माझे मत असे की आपल्यासारख्यांनी, म्हणजे कॉन्व्हेंटमध्ये शिकून किंग आधी वाचलेल्यांनी, तिथून सुरुवात करू नये. 'लुचाई' ही किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे. मूळ वाचलेले असले की पन्नास पानांत आपण "अरे, हे तर तेच!" म्हणतो, पुस्तक मिटतो आणि धारप म्हणजे कॉपी असा शिक्का मारून मोकळे होतो. 'शपथ'चेही तेच, तिच्यामागे किंगची 'इट' आहे. असा शिक्का मारलेले दोन-तीन जण माझ्याच विंगमध्ये आहेत. त्यांनी नंतर धारपांचे एकही पुस्तक उघडले नाही.

म्हणून आधी कथा घ्या. 'अनोळखी दिशा' हे त्यांच्या कथांचे संग्रह आहेत (याच नावाची मालिका २०११ मध्ये स्टार प्रवाहवर लागायची, काहींना आठवत असेल). रोज रात्री एकच कथा वाचायची. कथा लहान असतात, आणि ज्यांना मराठी वाचायला वेळ लागतो त्यांचीही एका बैठकीत होते. मला सुरुवातीला एका पानाला इंग्रजीच्या दुप्पट वेळ लागायचा. माजघर, कोनाडा, परसू, दिंडी दरवाजा हे शब्द आमच्या शाळेत कुणी उच्चारलेच नव्हते. पण धारपांची भीती नेमकी अशाच जागांत बसलेली असते. माजघर म्हणजे घराच्या मधली, उजेड कमी येणारी खोली, हे कळल्याशिवाय तिथे कुणाच्या तरी पावलांचा आवाज आला याचे काही वाटत नाही. मी सुट्टीत केशोरीला घरी गेले तेव्हा आजीला एकेक शब्द विचारत बसले. आमच्याकडे धानाच्या पट्ट्यात पुण्यासारखे वाडे नाहीत, पुढे सपरी, मागे वाडी. पण आजीने सपरीतून आतल्या अंधाऱ्या खोलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हेच समज." त्या रात्री लाइट गेली होती हे वेगळे सांगायला नको.

आता कॉपीचा मुद्दा. तो टाळून धारप वाचता येत नाहीत, आणि त्याचा एक धागा आमच्याच जिल्ह्यातून जातो. 'तुंबाड' हा २०१८ चा सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितले आहे की १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात असताना एका मित्राने त्यांना धारपांची 'आजी' ही गोष्ट सांगितली आणि ते जबर घाबरले. नागझिरा म्हणजे आमचेच, केशोरीजवळच्या नवेगावबांधचे जंगल आणि नागझिरा २०१३ पासून एकाच व्याघ्र प्रकल्पात आहेत. पुढे बर्वेंना कळले की 'आजी'सुद्धा किंगच्या 'ग्रॅमा' या कथेवरून घेतलेली आहे. 'ग्रॅमा'त मोठ्या भावाचा बेसबॉल खेळताना पाय मोडतो, आई हॉस्पिटलला धावते आणि धाकटा मुलगा आजारी आजीजवळ एकटा राहतो. 'तुंबाड'च्या पहिल्या भागात भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन जाते, आणि विनायक घरात आजीजवळ एकटा! अमेरिकेतली गोष्ट मराठीतून कोकणात पोचली. पण मला विचाराल तर मधला टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे. जंगलात रात्री तोंडी सांगितली तरी एखाद्याच्या मनात पंचवीस वर्षे टिकेल, इतकी ती धारपांनी आपल्या भाषेत मुरवली होती. उसनवारी आहे, ती मान्य करूनच वाचावे.

कथांचा एखादा संग्रह संपला की मग 'समर्थ'. समर्थ हे धारपांचे ठरलेले पात्र, दुष्ट शक्तींशी सामना करणारा शांत माणूस, आणि सोबत अप्पा. होम्स आणि वॉटसन डोळ्यासमोर आणा. इथे भीती जरा कमी लागते, कारण समर्थ येणार हे आपल्याला माहीत असते. रूम पार्टनर गावी गेलेला असेल तेव्हा हेच वाचावे.

यानंतर 'लुचाई', आणि तीसुद्धा 'सेलम्स लॉट' शेजारी ठेवून. वाचताना एक प्रश्न मनात ठेवा. व्हॅम्पायर हा क्रॉस आणि होली वॉटरला घाबरणारा प्राणी. जिथे चर्चच नाही तिथे त्याला अडवायचे कशाने? धारप काय करतात ते मी सांगत नाही, पण कॉपी म्हणणाऱ्यांनी तेवढी पाने तरी वाचावीत.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. 'चेटकीण', 'सैतान' अशी नावे पाहून काही सर म्हणतात की यातून अंधश्रद्धा वाढते. आमच्या भागात हा पुस्तकी प्रश्न नाही. जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण होते, म्हणून तर महाराष्ट्राला २०१३ मध्ये कायदा करावा लागला. पण मला आढळले ते उलटे. गोष्टीतली चेटकीण कशी रचली जाते, आधी अफवा, मग योगायोग, मग खात्री, हे एकदा कागदावर पाहिले की गावात कुणी एखाद्या म्हातारीबद्दल कुजबुजायला लागले तर तीच पायरी ओळखू येते. सरांना हे पटेलच असे नाही.

विज्ञानकथा आवडत असतील तर 'नेनचिम' आहेच, पण ती सबमिशन संपल्यावर घ्या. आणि धारप संपले (संपणार नाहीत) किंवा चव बदलावीशी वाटली तर रत्नाकर मतकरींची 'खेकडा' वाचा, जेवण झाल्यावर.