जपानला शिकून आलेले साहेब मरकळ रस्त्यावर का शिकवतात?

प्रश्न : माझा मुलगा आयटीआय फिटर आहे. आळंदी-मरकळ रस्त्यावरच्या एका छोट्या कारखान्यात तो कामाला जातो. तिथे नुकतंच ‘फाइव्ह एस’चं, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी पद्धतीचं, दोन दिवसांचं शिबिर झालं. शिकवायला आलेले गृहस्थ चाकणच्या मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले. “मी एओटीएसचा माजी प्रशिक्षणार्थी, शिकलेलं वाटणं हे आमचं काम,” असं ते म्हणाले. मानधनही त्यांनी घेतलं नाही. माजी विद्यार्थी म्हटलं की आम्हाला फक्त स्नेहसंमेलन आठवतं. ही मंडळी शिकवत का फिरतात? यामागे कोण आहे? आणि माझ्या मुलाला यातून पुढे काही मिळेल का?
— एक वाचक, आळंदी

उत्तर : एओटीएस ही जपानची संस्था. परदेशांतल्या तंत्रज्ञांना शिकवण्यासाठी ती 1959 साली टोकियोत सुरू झाली, तिथल्या उद्योग खात्याच्या पाठबळावर. तिच्यामागे गोइची होझुमी यांचा पुढाकार होता. त्याआधी 1957 मध्ये त्यांनी जपानमध्ये शिकणाऱ्या आशियाई विद्यार्थ्यांसाठी एक संस्था उभी केली होती. एओटीएसची रीत साधी आहे. भारत, थायलंड, श्रीलंका अशा देशांतले इंजिनिअर, सुपरवायझर, तंत्रज्ञ जपानला जातात. बऱ्याच जणांना आधी संस्थेच्या केंद्रात सहा किंवा तेरा आठवडे भाषा आणि तिथल्या कामाची पद्धत शिकवतात, मग एखाद्या जपानी कंपनीत प्रत्यक्ष काम. कारखाना चालवणाऱ्यांसाठी साधारण दोन आठवड्यांचे व्यवस्थापन वर्गही असतात. खर्चाचा काही भाग जपान सरकार अनुदान म्हणून देतं, उरलेला कंपन्या उचलतात. 2012 मध्ये दुसऱ्या एका संस्थेशी विलीनीकरण झाल्यावर नाव बदललं होतं. 2017 पासून पुन्हा एओटीएस हेच नाव आहे.

यात जपानचा फायदा आहेच. जपानी कंपनीला परदेशातल्या कारखान्यात तयार माणसं लागतात आणि चांगला माल देणारे व्हेंडर लागतात. उदाहरणार्थ, चाकणला ब्रिजस्टोन या जपानी कंपनीचा टायरचा कारखाना 2013 मध्ये सुरू झाला. बजाज आणि कावासाकीचं सहकार्य त्याच्या कितीतरी आधीचं, 1980 च्या दशकातलं. पण जपानला गेलेला माणूस परत आल्यावर काय करतो, हे जपान ठरवत नाही, तो माणूस ठरवतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

परत आलेल्यांनी आपापल्या देशात माजी प्रशिक्षणार्थींचे संघ काढले. आज 40 हून अधिक देशांत असे सुमारे 70 संघ आहेत. जपानला पुढे कोणाला पाठवायचं, त्यासाठी नावं सुचवणं हे त्यांचं एक काम. दुसरं काम जास्त मोलाचं : जे कधीच जपानला जाणार नाहीत, त्यांना इथेच शिकवणं. चेन्नईचा संघ जपानी भाषेचे वर्ग चालवतो. एका देशाच्या संघाने दुसऱ्या देशातल्या लोकांना शिकवावं, अशीही योजना आहे. त्यामुळे दरवेळी जपानकडेच बघावं लागत नाही.

हे काम किती पुढे जाऊ शकतं, याची दोन उदाहरणं देतो. थायलंडमध्ये जपानहून परतलेल्यांनी 1973 साली तंत्रज्ञान प्रसारासाठी एक संघटना स्थापन केली. भाषेचे वर्ग, तांत्रिक पुस्तकं, कारखान्यांसाठी शिबिरं असं काम तिने अनेक वर्षं केलं आणि 2007 मध्ये बँकॉकला थाय-निची तंत्रज्ञान संस्था ही उच्च शिक्षणाची संस्था उभी केली. श्रीलंकेतला संघ ‘फाइव्ह एस’ नेटाने राबवणाऱ्यांना दरवर्षी पुरस्कार देतो, आणि तो फक्त कारखान्यांसाठी नाही. कोलंबोच्या कॅसल स्ट्रीट या सरकारी स्त्री रुग्णालयाने हीच पद्धत वॉर्डात आणली. त्या रुग्णालयाचा अनुभव जपानच्या मदतीने 2007 पासून टांझानियासह आफ्रिकेतल्या अनेक देशांच्या रुग्णालयांपर्यंत पोहोचला. कारखान्यातली शिस्त श्रीलंकेच्या वॉर्डातून आफ्रिकेत गेली ती परत येऊन शिकवायला बसलेल्या माणसांमुळे.

आता आपल्या भागाकडे येऊ. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात मोठ्या कंपन्यांना शिकवण्याची अडचण नाही. टाटा मोटर्सच्या पिंपरीच्या कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस घडवण्याची जुनी परंपरा आहे. फोक्सवॅगनने चाकणला अकादमी काढून जर्मन धर्तीवर मेकॅट्रॉनिक्सचं शिक्षण सुरू केलं. अडचण आहे ती पंधरा-वीस माणसांच्या कारखान्यांची, मरकळ, भोसरी, तळवडेच्या शेडमधल्यांची. त्यांच्याकडे प्रशिक्षण विभाग नसतो. मालकच मशीनवर उभा असतो. मोठ्या कंपनीचा ऑडिटर आला की रिजेक्शन का वाढलं, गेज वेळेवर कॅलिब्रेट का झाले नाहीत, हे प्रश्न मात्र त्यालाच विचारले जातात. अशा ठिकाणी एक अनुभवी माणूस दोन दिवस येतो, नको असलेला माल बाहेर काढायला लावतो, प्रत्येक हत्याराला जागा ठरवून देतो, रोजची साफसफाई म्हणजेच मशीनची तपासणी हे हातात फडकं घेऊन दाखवतो. असं शिबिर त्या कारखान्यासाठी कुठल्याही परदेशवारीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

तुमच्या मुलाबद्दल. एओटीएसचं जपानमधलं प्रशिक्षण सहसा कंपनीमार्फत मिळतं. कामगाराने स्वतः पैसे भरून अर्ज करावा, अशी ती योजना नाही. त्यामुळे “जपानला पाठवतो” म्हणून आधी रक्कम मागणाऱ्या एजंटापासून सावध राहा. ‘टेक्निकल इंटर्न’ म्हणून तिकडे जाण्याची वाट वेगळी आहे. ती पद्धत बदलण्याचा कायदा जपानने 2024 मध्ये केला असून नवी व्यवस्था 2027 पासून अपेक्षित आहे. निर्णय घाईने घेऊ नका.

आज मुलाने करावं असं बरंच आहे. शिबिरात शिकलेलं आपल्या टेबलावर टिकवून दाखवावं, सुधारणा आधी-नंतरच्या फोटोंसह वहीत नोंदवाव्यात. हीच नोंद पुढच्या मुलाखतीत त्याच्या बाजूने बोलेल. पुण्यात जपानी भाषा शिकण्याची सोय जुनी आणि चांगली आहे. त्या भाषेच्या परीक्षेतली एन-5 ही पहिली पायरी नोकरी सांभाळूनही गाठता येते.

आणि एक विनंती आमच्या सगळ्याच वाचकांना. मोरवाडीच्या आयटीआयमधून, आळंदीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, सीओईपीतून शिकलेली कितीतरी मुलं-मुली आज जपान, जर्मनी, अमेरिकेत चांगल्या हुद्द्यावर आहेत. त्यांच्या माजी विद्यार्थी संघांनी वर्षातून एकदा स्नेहभोजन जरूर करावं, पण त्याबरोबर मरकळ किंवा भोसरीचा एक छोटा कारखाना वर्षभरासाठी शिकवायला घ्यावा. परदेशातल्यांनी सुट्टीला आल्यावर दोन दिवस द्यावेत, एरवी व्हिडिओवर मार्गदर्शन करावं. या कामाला इमारत लागत नाही, सरकारी परवानगी लागत नाही. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल, तर हा अंक त्यांच्या हाती द्या आणि तुमच्या माहितीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याचा पत्ताही सोबत द्या.